त्यांच्या नावाने संशोधनाला पैसे द्यावेत का?

प्रश्न : माझे यजमान एसटीत होते. गेल्या वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या फंडातले दोन लाख रुपये मी कॅन्सरवरच्या संशोधनासाठी बाजूला ठेवलेत. मुलगा म्हणतो, संशोधनाचे पैसे कुठे मुरतात ते कळत नाही, त्यापेक्षा एखाद्या पेशंटच्या औषधाला दे. या संस्था कोणत्या कामाला पैसे द्यायचे ते ठरवतात तरी कसं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुलाची शंका रास्त आहे, त्याच्यावर रागावू नका. मी पॅथॉलॉजिस्ट. अकरा वर्षं एका ट्रस्टच्या निवड समितीवर होते, तेव्हा आत बसून जे पाहिलं ते सांगते.

अर्ज वर्षातून एकदा मागवायचे. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीची परवानगी, कागदपत्रं वगैरे ऑफिसात तपासलं जायचं. मग प्रत्येक अर्ज त्या विषयातल्या बाहेरच्या दोघातिघांकडे जायचा. ते गुण द्यायचे आणि शेवटी आमची बैठक. अर्ज करणारा आपल्याच हॉस्पिटलातला किंवा आपला विद्यार्थी असेल, तर त्या सभासदाने खोलीबाहेर जायचं. हा नियम मोडताना दिसला की मी बोलायचेच. पैसे हप्त्याने द्यायचे, पहिल्या वर्षाचा अहवाल आल्याशिवाय दुसरा हप्ता नाही.

मी मात्र अर्ज हातात आला की आधी खर्चाचं पान उघडायचे. एका वर्षी दोन अर्ज शेजारी शेजारी होते. पहिल्यात एक महागडं मशीन होतं, पण ते चालवणार कोण आणि नमुने आणणार कुठून, याची एक ओळ नव्हती. दुसरा एका तालुक्याच्या हॉस्पिटलातून आलेला. प्रश्न एवढाच, की तपासणीत दोष निघालेल्या बायकांपैकी किती जणी उपचाराला येतात आणि बाकीच्या का येत नाहीत. खर्चात दोन कार्यकर्त्यांचे पगार, एसटीचं भाडं, फोनचं रिचार्ज आणि नोंदी ठेवायला कुलपाचं कपाट. त्याला बाहेरून गुण कमी मिळाले होते. आकडेवारीची मांडणी कच्ची होती आणि इंग्रजी अडखळतं. मी भांडले. शेवटी आम्ही तो अर्ज नाकारला नाही, एक संख्याशास्त्रज्ञ जोडून दिला आणि पुढच्या वर्षी तो मंजूर झाला. पण प्रत्येक अर्जाच्या नशिबी असं भांडणारं कुणी नसतं. मोठ्या शहरातल्या सफाईदार अर्जाचं पारडं आधीच जड असतं. या पद्धतीतलं हे मोठं वैगुण्य आहे, आणि ते मला अजून सलतं.

आता ‘पैसे मुरतात’ याबद्दल. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या धाराशिवमधलं उदाहरण घ्या. तिथे १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था मिळून तो करत होत्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट केले. तीन गटांची आयुष्यात एकदाच, वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी केली आणि चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था ठेवली. २००९ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ या कॅन्सरने गेल्या होत्या, तर एचपीव्ही चाचणीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. इतर दोन पद्धतींनी मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. तो पैसा वाया गेला असं मी कधीही म्हणणार नाही. कोणती चाचणी एकदाच केली तरी जीव वाचवते, हे त्या तुलनेशिवाय कळलंच नसतं. चौथ्या गटाची तपासणी का केली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. मलाही तो प्रश्न अस्वस्थ करतो, आणि पैसे देणाऱ्यानेही तो विचारायलाच हवा असं माझं मत आहे.

तुमच्यासारखंच दुःख घेऊन सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये एक ट्रस्ट केला. आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या. त्या लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टच्या उत्पन्नातले पाचातले चार वाटे जगभरातल्या रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनाला जातात. शोध कोणत्या देशात लागेल याची अट त्यांनी घातली नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

औषधाला पैसे दिलेत तर एका घराला आजच आधार मिळेल, ते काम कमी नाही. पण तुमच्या मनात संशोधन आहे, तर तिकडेच द्या. मात्र चेक लिहिण्याआधी संस्थेला विचारा : गेल्या तीन वर्षांत कोणाकोणाला, कशासाठी, किती दिले? निवड कोणी केली? ज्या कामातून हवा तो निकाल आला नाही, असं एखादं दाखवता का? या शेवटच्या प्रश्नाला मोकळं उत्तर देणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास बसतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत ट्रस्टला तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात, तेही मागा.

एक अडचण आधीच सांगते. ‘फक्त अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी’ अशी अट घातलीत आणि त्या वर्षी त्यावर चांगला अर्ज आला नाही, तर पैसे नुसते पडून राहतील. म्हणून पत्रात असं लिहा : ‘अन्ननलिकेच्या कॅन्सरवरील कामास प्राधान्य द्यावे. वर्षभरात योग्य अर्ज न आल्यास समितीला योग्य वाटेल त्या संशोधनास द्यावे. कामाच्या अहवालाची प्रत आमच्या घरी मराठीत, चार ओळींच्या सारांशासह पाठवावी.’ खाली तुमच्या सहीशेजारी मुलाचीही सही घ्या.