ग्रीनहॅम कॉमनच्या धावपट्टीवर आता गुरं चरतात हे खरंय का?

हो, खरंय. इंग्लंडमधल्या न्यूबरीजवळचं हे माळरान, आसपासच्या लोकांना तिथे गुरं चारायचा जुना हक्क होता, पण दुसऱ्या महायुद्धात सरकारने जागा घेतली आणि १९४२ला विमानतळ सुरू झाला. ५ जून १९४४च्या संध्याकाळी दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवर स्वतः इथे येऊन पॅराट्रूपर्सशी (विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांशी) बोलून गेला, अंधारात दिसू नये म्हणून तोंडाला काळं फासलेली ती पोरं त्याच रात्री फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरली.

मग कोल्ड वॉरमध्ये अमेरिकन एअर फोर्सने १०,००० फुटी धावपट्टी बांधली, तिथं बॉम्बर यायचे वगैरे. पण जगभर नाव झालं ते अण्वस्त्रवाल्या क्रूझ मिसाइल्समुळे. ती इथे आणायला विरोध म्हणून १९८१ला वेल्समधून काही बायका चालत आल्या आणि गेटबाहेर तंबू ठोकून बसल्या त्या बसल्याच, आणि डिसेंबर १९८२मध्ये तर जवळपास ३०,००० बायकांनी हातात हात घालून अख्खा तळ वेढला, कुंपणाच्या जाळीला लहान मुलांचे कपडे, फोटो बांधले. तरी १९८३च्या नोव्हेंबरमध्ये मिसाइल्स आलीच, ती गेली अमेरिका-सोव्हिएत युनियनमधल्या १९८७च्या करारामुळे, शेवटचं १९९१ला. आंदोलनाने गेली की कराराने, यावर लोक अजून भांडतात, मला वाटतं दोन्ही.

पुढे धावपट्टी बहुतेक सगळी उखडली आणि २००० साली कुंपण काढून माळ लोकांना खुला केला. मिसाइल्स ठेवायचे गवत उगवलेले सहा बंकर मात्र अजून तसेच उभे आहेत, लांबून टेकड्याच वाटतात.