छतातला अ‍ॅस्बेस्टॉस आणि भाडेपट्ट्यातले दुरुस्तीचे कलम

ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींत कार्यालये, वर्ग किंवा दवाखाने चालवणारे अनेकजण जे विचारतात, तेच या वेळी एका वाचकाने भाडेपट्ट्याची प्रत जोडून विचारले आहे. 1970च्या दशकातल्या इमारतीचा एक मजला त्यांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतला. फॉल्स सीलिंगच्या वरून केबल नेताना वायरमनने तिथल्या तक्त्याला भोके पाडली, खाली टेबलांवर पांढरट भुकटी पडली आणि पुढे प्रयोगशाळेने त्यात अमोसाइट, म्हणजे तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस असल्याचे कळवले. जागामालक जबाबदारी नाकारतात. वाचकांचे म्हणणे असे की आपल्या कर्मचाऱ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस ओळखण्याचे प्रशिक्षण घेतलेले असल्यामुळे आपले कर्तव्य संपले, आणि इमारतीचे काय ते मालकाने पाहावे.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्यांची उजळणी करण्यात जागा घालवत नाही. आपल्या प्रकरणाचा निकाल भाडेपट्ट्यातील दुरुस्तीच्या कलमावर लागणार आहे, आणि सही करताना ते आपण वाचलेले दिसत नाही. 'कंट्रोल ऑफ अ‍ॅस्बेस्टॉस रेग्युलेशन्स 2012' मधील चौथा नियम इमारत कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाही. करारामुळे किंवा भाडेपट्ट्यामुळे अनिवासी जागेच्या देखभालीचे वा दुरुस्तीचे कोणत्याही प्रमाणातले बंधन ज्याच्यावर आहे, त्याला तो कर्तव्यधारक मानतो. आपल्या पट्ट्यात छप्पर, पाया आणि बाहेरच्या भिंती मालकाकडे आहेत, आतील सर्व भागांची दुरुस्ती आपल्याकडे आहे, आणि शेवटच्या परिशिष्टात 'जागा' या शब्दाची व्याप्ती 'वरच्या स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत' अशी दिली आहे. फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांमधली पोकळी त्यात स्पष्टपणे येते. ज्या तक्त्याला भोके पडली, तो तिथलाच असल्यामुळे त्याची नोंद ठेवणे, त्याच्या स्थितीवर लक्ष ठेवणे आणि काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याची माहिती देणे हे आपले काम होते.

याचा अर्थ मालक पूर्ण सुटले असा नाही. कर्तव्यधारक एकाहून अधिक असतील तर ज्याचे दुरुस्तीचे बंधन जेवढे, तेवढा त्याचा वाटा, असे तोच नियम सांगतो. शिवाय कर्तव्यधारकाशी सहकार्य करण्याचे बंधन इतरांवरही घालतो. मालकांकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्वेक्षणाचा पूर्वीचा अहवाल होता आणि तो त्यांनी दडवला, असे निघाले तर खर्चातला हिस्सा मागता येईल. मात्र किती, हे पट्टा होण्यापूर्वीचा पत्रव्यवहार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तो अहवाल आजच लेखी मागा.

प्रशिक्षणाबद्दल मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. दहाव्या नियमाखालचे प्रशिक्षण हे मालक-भाडेकरू वादातले कवच नव्हे. अ‍ॅस्बेस्टॉस इन्सुलेशन बोर्ड, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला तक्ता, आणि निरुपद्रवी बोर्ड नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. तो कुठे असू शकतो हे ध्यानात ठेवून संशय येताच काम थांबवणे आणि वरिष्ठांना कळवणे, एवढीच प्राथमिक प्रशिक्षणाकडून अपेक्षा असते. त्या जोरावर अ‍ॅस्बेस्टॉसला हात लावण्याची मुभा मिळत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंदवहीच नसलेल्या इमारतीत प्रशिक्षित माणसाने तरी काय पाहायचे? सबळ पुरावा नसेल तर पदार्थात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरावे, असे चौथा नियम सांगतो, आणि 2000 सालापूर्वीच्या इमारतीत तसे न धरण्याला काहीच सबब नव्हती. शिवाय भुकटी पडल्यापासून नमुना पाठवेपर्यंत आपण तीन आठवडे त्याच खोलीत काम चालू ठेवले. एवढा विलंब मला क्षम्य वाटत नाही आणि चौकशी करणाऱ्यालाही वाटणार नाही.

आता ती खोली बंद ठेवा आणि स्वच्छता परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. पुढचे कोणतेही तोडफोडीचे काम नूतनीकरणासाठीच्या सखोल सर्वेक्षणाशिवाय सुरू करू नका, कारण नेहमीच्या वापरासाठी केलेले सर्वेक्षण त्यासाठी पुरत नाही. ही घटना अधिकृतपणे कळवणे बंधनकारक आहे की नाही, हे किती धूळ उडाली यावर ठरेल. त्याचा निर्णय तज्ज्ञाच्या लेखी मतावर घ्या, अंदाजाने नको.

त्या तीन आठवड्यांत खोलीत कोण किती वेळ होते, याची तारखेसह नोंद प्रत्येकाच्या सेवापुस्तकात करा आणि त्या काळातील विमापत्रे जपून ठेवा. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून गेल्याने होणारे आजार बहुधा काही दशकांनी उघड होतात, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत 'लिमिटेशन अ‍ॅक्ट 1980' प्रमाणे आजाराची जाणीव झाल्याच्या तारखेपासूनही मोजता येते. तेव्हा त्या कर्मचाऱ्यांपैकी एखाद्याला दावा करावा लागला, तर त्याच्या हाती पुरावा म्हणून बहुधा एवढेच कागद असतील.