सगळेच बायोम (वर्षावन, वाळवंट, गवताळ रान असे निसर्गाचे मोठे प्रकार) कशाला जपायचे? फक्त वर्षावनं वाचवली तर भागणार नाही का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही म्हणता की पैसा आणि माणसं मर्यादित आहेत, तेव्हा सगळं बळ वर्षावनांवर लावावं आणि बाकीच्या ओसाड भागात सरसकट झाडं लावून टाकावीत. हे दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या मेहुण्यांचं वर्षानुवर्षं वाजतंय.

वर्षावनांची थोरवी शाळेतच ऐकून झाली आहे, ती सोडून देतो. पण ॲमेझॉनची माती पावसाने सतत धुपते, फॉस्फरस वाहून जातो आणि ती तूट काही अंशी सहाराची धूळ भरून काढते. चाडमधल्या आटलेल्या सरोवराच्या तळाची माती वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते. उपग्रहाच्या नोंदींवरून २०१५ साली काढलेला अंदाज वर्षाला सुमारे २२ हजार टन फॉस्फरसचा आहे. म्हणजे तुमच्या लाडक्या जंगलाला खत घालणारं वाळवंट तुमच्या यादीत ‘ओसाड’. टुंड्रा (उत्तरेचा झाडं नसलेला गारठ्याचा पट्टा) आणि तैगा (त्याच्या दक्षिणेचं सूचिपर्णी जंगल) इथल्या कायम गोठलेल्या जमिनीत साधारण दीड लाख कोटी टन कार्बन अडकलेला आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तिथे वर्षावन नाही म्हणून दुर्लक्ष करायचं असेल तर करा, ती जमीन वितळत गेली की त्याची झळ ॲमेझॉनलाही बसेल.

आता गवत. खरं दुखणं तिथेच आहे.

आमचे मेहुणे एका संस्थेच्या वृक्षारोपण समितीवर. संस्थेच्या ताब्यात मोठं माळरान होतं, कागदोपत्री ‘पडीक’. तिथे झाडं लावायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, ही जागा पडीक नाही, तिथे जे असायला हवं तेच आहे. त्यावर सगळ्यांसमोर मेहुणे म्हणाले, “झाडाला विरोध करणारा निसर्गप्रेमी पहिल्यांदाच बघतोय.” सगळे हसले. घरच्या प्रत्येक कार्यात हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं.

लागवडीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. रांगा दोरीने आखलेल्या, खड्डे खणणं चालू. एका खड्ड्याच्या कडेला बसून आत पाहिलं. वरचा वीतभर थर म्हणजे निव्वळ मुळं. कुदळ बसली की ढेकूळ सुटत नव्हतं, घोंगडीसारखं फाटत होतं. त्याखालीही बारीक मुळं चाललेलीच, खड्ड्याचा तळ संपला तरी संपत नव्हती. पुढच्या खड्ड्याच्या जागी गवताच्या बुंध्याशी चंडोलाचं घरटं निघालं, वाटीएवढी खळगी आणि तिच्यात ठिपक्यांची तीन अंडी. खणणाऱ्या माणसाने काही न बोलता खड्डा हातभर बाजूला घेतला. मेहुणे आले, दोरीकडे पाहिलं, म्हणाले, “रांग चुकतेय,” आणि खड्डा परत दोरीवर आणवला.

रोपं मेली असती तर मी गप्प बसलो असतो. पण लवकर वाढणारी परकी जात निवडली होती, ती जगली. सावली पडली, खालचं गवत गेलं, चंडोल गेले. मेहुणे रोपं जगल्याची टक्केवारी दाखवतात. तिथलं काय काय मेलं याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही.

गवताळ प्रदेश म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जमीन, हा समजच मुळात खुळचट आहे. उष्ण प्रदेशातली गवताळ मैदानं लाखो वर्षांपूर्वीची आहेत, माणसाच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीची. वणवा आणि चरणारे कळप यांनी ती मोकळी ठेवली. तिथलं बरंचसं जीवन जमिनीखाली असतं, म्हणून फोटो चांगला येत नाही, आणि फोटो येत नाही म्हणून देणगीही येत नाही. अमेरिकेत प्रेअरी, म्हणजे तिथली गवताळ मैदानं, नांगरून काढली, मग १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि माती धरून ठेवायला मुळंच उरली नव्हती. १४ एप्रिल १९३५ला तर धुळीने भरदिवसा अंधार केला. समशीतोष्ण गवताळ प्रदेशांचा जवळपास निम्मा भाग शेती आणि वस्तीखाली गेला होता आणि संरक्षण पाच टक्क्यांनाही नव्हतं, असा २००५चा जागतिक आढावा सांगतो. वर्षावनांची अवस्था याहून बरी होती!

चुकीच्या जागी झाड लावण्याचे नमुनेही हवे तेवढे मिळतील. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाची अफाट दलदल आहे. १९८०च्या दशकात करसवलतीपायी तिच्यात चर खणून सूचिपर्णी झाडं लावली. पीट, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, सुकायला लागलं, पक्षी हटले. पुढे तीच झाडं तोडून चर बुजवायची वेळ आली, आणि २०२४ साली उरलेली दलदल जागतिक वारसा ठरली. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डोंगरांवर फिनबॉस हे झुडपी रान आहे. तिथे बाहेरून आलेले पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळी ओढ्यांचं पाणी पितात, म्हणून १९९५पासून सरकारी कार्यक्रमातून लोकांना मजुरी देऊन ती झाडं तोडून घेतात. झाडं तोडणं हेच तिथे निसर्गरक्षण.

तुमच्या मर्यादित पैशाच्या मुद्द्याला माझं उत्तर एवढंच, की शाबूत असलेलं मोडू न देणं सगळ्यात स्वस्त. जुनं गवताळ रान एकदा नांगरलं की हिरवं लवकर होतं, पण पूर्वीच्या सगळ्या वनस्पती परतायला शतकही कमी पडतं. कुठल्या बायोमला किती पैसा द्यावा याचं कोष्टक माझ्याकडे नाही. आहे त्या निधीतून निदान मोडतोड तरी करू नये.

नाहीतर कोणीतरी म्हणेल की मी झाडांचा वैरी आहे, म्हणून सांगून ठेवतो. जिथे जंगल तोडलं गेलं तिथे तिथलीच झाडं जरूर लावा, किंवा नुसती राखण करा, पुष्कळदा आपोआप येतात. सगळी मोकळी जमीन जुनं माळरान नसते. जंगल कापून केलेली कुरणंही असतात, तिथे माझा आक्षेप नाही. यातला फरक ओळखायला जुने नकाशे बघा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या जनावरं चारणाऱ्यांना विचारा, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी दिसतात का ते पाहा. दिसले तर दोरी गुंडाळून घरी जा. समितीवर तुमच्याही घरचं कोणी असेल, तर हे त्यांना वाचायला द्या. आमच्याकडे मी आज रात्रीच पाठवतोय.