सेक्टरात पाणी तुंबतं, आम्ही पंधरा-वीस जण काय करणार?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सानपाड्याला राहतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत तीनदा गुडघाभर पाणी साचलं, पार्किंगमधल्या बाइक पाण्यात गेल्या, मीटर रूम थोडक्यात वाचली. आता आजूबाजूच्या सोसायट्यांमधले पंधरा-वीस जण एकत्र आलोय, हवामान बदलाचं एवढं ऐकतो तर आपल्या भागापुरतं काहीतरी करूया म्हणून. काही जण म्हणतात झाडं लावू, आणि काही काकांचं म्हणणं की मागच्या होल्डिंग पाँडमधली (पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यातली) तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आधी साफ करा, पाणी त्यांच्यामुळेच तुंबतं. नक्की काय करावं?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : दादा, आधी वही घ्या, कुदळ नंतर. का ते सांगते. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठी भराव घालून केलेला आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर सिडकोने डच पद्धतीचे होल्डिंग पाँड बांधले. नाल्यांचं पाणी पाँडमध्ये येतं आणि पाँडच्या तोंडाशी झडपेसारखी फ्लॅप गेट असतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती खाडीकडे उघडतात आणि भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबतं तशी बंद होतात. म्हणजे भरतीच्या त्या काही तासांत जेवढा पाऊस पडेल तो सगळा पाँडनेच पोटात ठेवायचा. पाँड गाळाने भरला की ठेवायला जागा नाही, आणि गेट नीट मिटलं नाही की खाडीच उलटी आत येते.

आता यात हवामान बदल कुठे आला? हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, ते मग थोड्या वेळात धो-धो कोसळतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आणि समुद्राची पातळी जसजशी चढेल तसतशी ती गेट उघडी राहण्याची वेळ कमी होत जाणार. तेव्हा तुमच्या गल्लीतलं पाणी हाच तुमचा हवामान बदल आहे, दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

आम्ही वाशीला आमच्या बिल्डिंगमध्ये काय केलं, कंपाउंडच्या भिंतीवर ऑइल पेंटने दर चार इंचांवर रेघा मारल्या आणि पाणी आलं की तारीख, वेळ, किती रेघा बुडल्या आणि भरती किती वाजता होती एवढंच वहीत लिहायचं. भरतीचं टाइमटेबल मिळतंच, पण आपल्या कोळीवाड्यातल्या कुठल्याही आजोबांना विचारा, ते तिथीवरूनच सांगतील, अमावस्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास आणि मग मध्यरात्री, पुढे रोज पाऊण तास उशिरा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की सावध राहायचं.

दोन पावसाळे लिहिल्यावर आमच्या लक्षात आलं की बहुतेक वेळा पाणी भरतीलाच चढलंय पण दोनदा चक्क ओहोटीत चढलं होतं. मग जाऊन बघितलं तर रस्त्याच्या कामाचं डेब्रिज ठेकेदाराने गटाराच्या तोंडाशी तसंच टाकलेलं, वर्षभर कुणी बघितलं नव्हतं, आमचा नुसता संताप झाला. पण ते निघालं! भरतीला तुंबलं तर पाँड नाहीतर गेट, ओहोटीला तुंबलं तर आपल्याच गल्लीतलं गटार, इतकं साधं. ही वही घेऊन एप्रिलमध्येच विभाग कार्यालयात जा, मेअखेरीस नालेसफाई उरकायची घाई असते तेव्हा कुणी ऐकून घेत नाही. नुसती 'पाणी तुंबतं' ही तक्रार फाइलला लागते, तारीखवार आकडे दिले की माणूस जागेवर बघायला येतो, हा माझा अनुभव आहे.

आणि तिवरांना कृपा करून हात लावू नका. स्वतः कापणं बेकायदेशीर आहे, सार्वजनिक कामासाठीसुद्धा हायकोर्टाची परवानगी लागते. पाँडमध्ये तिवरं वाढली कारण आधी गाळ साठला, तिवरं नंतर आली, आणि तो गाळ काढण्याचा परवानगीसकट पाठपुरावा प्रशासनाने करायचा आहे, आपण मागे लागायचं. खाडीकाठची तिवरं तर लाटेचा जोर मोडतात, मुळाशी चिखलात कार्बन धरून ठेवतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला तो उगाच नाही.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातलेत, झाडांच्या बुंध्यापर्यंत. सेक्रेटरी म्हणतात स्वच्छ दिसतं. काय सांगू त्यांना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सांगा की त्या मुळांना पाणी नाही, हवा नाही, मग वादळात झाड आडवं होतं ते कुणाच्या तरी गाडीवर. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्येच झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलंय. तुम्ही रविवारी चार जण पहारी घेऊन एकाच झाडाभोवतीचे ब्लॉक काढा, मातीत सुका पाला घाला (पाला जाळायचा नाही हां), पहिल्या पावसात तिथलं पाणी कसं मुरतं ते सेक्रेटरींना खाली बोलवून दाखवा. कमिटीला आधी पत्र मात्र द्या, नाहीतर भांडणं होतात.

प्रश्न : गच्चीवर सोलर सोसायटीला परवडतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल मोठं असेल तर नक्की विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलंय. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) महावितरणकडून घ्यावा लागतो. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, पॅनल बसल्यावर ते उचलून काम करणं फार महागात जातं.