धर्मप्रचार नाही, मोटार नाही, तरी आमिश लोक अमेरिकेत वाढतायत आणि पसरतायत कसे?

आमिश म्हणजे मोटार आणि विजेची जोडणी टाळून जुन्या पद्धतीनं राहणारा ख्रिस्ती पंथ. आधी वाढीचं बघू, कारण ते सोपं आहे. 1900 च्या सुमारास सगळे आमिश मिळून जेमतेम पाच हजार होते. आज अंदाजे 4 लाख आहेत, आणि साधारण वीस वर्षांत आकडा दुप्पट होतो. बाहेरून येऊन आमिश झालेले फारच थोडे. घरटी सरासरी सहा-सात मुलं, आणि बाप्तिस्मा, म्हणजे पंथात रीतसर प्रवेश, विशी-बाविशीच्या आसपास, स्वतःच्या मर्जीनं. तरी दहातली साडेआठ-नऊ मुलं पंथातच राहतात. बाकी हिशोब तुम्हीच करा.

पसरण्याचं कारण मात्र देव-धर्मापेक्षा सातबाऱ्याशी जास्त जोडलेलं आहे, असं माझं मत. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी ही आज टिकून असलेली सगळ्यात जुनी वस्ती, 1760 च्या सुमाराची. आता तिथे फिलाडेल्फियाकडून घरबांधणी सरकत आलीय आणि आमिश बघायला येणाऱ्यांची झुंबड वेगळीच. (भारतातून आलेल्या आईबाबांना घोडागाडी दाखवायला आपली मंडळीही तिथेच नेतात, मीही नेलंय.) जमीन इतकी महाग की चार मुलांना चार शेतं घेऊन देणं बापाच्या आवाक्याबाहेरचं. मग काही जण फर्निचरच्या, सुतारकामाच्या धंद्यात शिरतात आणि काही जण नवी जमीन शोधायला निघतात.

मोटार स्वतःच्या मालकीची नको, भाड्यानं चालते. त्यामुळे चार-पाच कुटुंबातले कर्ते पुरुष ड्रायव्हरसकट व्हॅन ठरवतात आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, केंटकीत किंवा विस्कॉन्सिनला शेतं बघून येतात. दूधधंदा सोडलेल्या शेतकऱ्यांची घरं, गोठे स्वस्तात मिळतात. घर घेतलं की विजेची जोडणी काढून टाकायची. कॅनडात ऑन्टॅरिओतली काही कुटुंबं तर 2016 मध्ये थेट प्रिन्स एडवर्ड बेटावर गेली, कारण तेच, जमीन.

पण शेतं एकमेकांपासून लांब घेऊन भागत नाही. चर्चची इमारत नसते, प्रार्थना एक रविवार आड कुणाच्या तरी घरी. बाकं एका घोडागाडीत भरलेली असतात आणि गाडी या घरून त्या घरी फिरते. त्यामुळे मंडळी घोड्याच्या पल्ल्यात हवीत, आणि एका घरात मावतील इतकीच हवीत. पंचवीस-तीस कुटुंबांच्या पुढे गेलं की एखादा रस्ता किंवा ओढा हद्द धरून मंडळीचे दोन भाग करतात.

प्रत्येक नवी वस्ती टिकते असं मात्र नाही. पुष्कळ मोडल्यात. कधी धर्मोपदेशकच मिळत नाही, कधी नियमांवरून बिनसतं, कधी पोरापोरींना लग्नासाठी स्थळच जवळ नसतं. मग शेतं विकून कुटुंबं दुसऱ्या वस्तीत जातात. कोण कुठे राहायला गेलं हे वाचायचं असेल तर ओहायोतल्या शुगरक्रीकचं ‘द बजेट’ साप्ताहिक बघा. 1890 पासून निघतंय, आणि गावोगावच्या पत्रांनीच भरलेलं असतं.