पोटाच्या संशोधनासाठी अमेरिकेत येताय? आधी पगार कुठल्या पैशातून, ते विचारा

तुम्ही लिहिलंत की पुण्यात आतड्याच्या अस्तरावर पीएचडी झाली, वर्षभर तिथेच रिसर्च असोसिएट आहात, अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, बोलावलंय आणि नवराही सोबत येणार आहे. मोठ्या नावाची प्रयोगशाळा घ्यावी की लहान, हा तुमचा प्रश्न. सात वर्षांपूर्वी मी मिरजेहून नॉर्थ कॅरोलायनात आले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावाआधी पैसा बघा. इथे पचनसंस्थेवरच्या संशोधनाला मोठा आधार एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या एनआयडीडीके या शाखेचा. मधुमेह, पचनसंस्था आणि मूत्रपिंड हे तिचे विषय. तरुण संशोधक घडवण्यासाठी ती विद्यापीठांना टी३२ नावाचं अनुदान देते, आणि विभागाच्या माहितीत त्याचा उल्लेख ठळक असतो. पण टी३२ची जागा फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्ड असलेल्यांना मिळते. पोस्टडॉकने स्वतःच्या नावावर मागायच्या एफ३२ फेलोशिपचंही तसंच. म्हणजे तुमचा पगार येणार प्राध्यापकांच्या संशोधन अनुदानातून. ते अनुदान कधी संपतंय हे सरळ विचारा, यात उद्धटपणा नाही. एनआयएच रिपोर्टर या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं. २०२५मध्ये इथे चालू अनुदानंसुद्धा मध्येच थांबवली गेली, तेव्हा हा प्रश्न टाळूच नका. पगाराचा अंदाज हवा असेल तर एनआयएचने २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी ठरवलेला वार्षिक आकडा ६१,००८ डॉलर होता. बरीच विद्यापीठं तो पाया धरतात.

परदेशी माणसाला खुला असलेला मोठा दरवाजा म्हणजे एनआयएचचंच के९९. पोस्टडॉकमधून स्वतःच्या प्रयोगशाळेकडे नेणारं हे अनुदान, आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. अट आहे वेळेची: अर्ज करताना पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको. पुण्यातलं तुमचं वर्षही त्यात धरलं जाईल. म्हणजे येताच पहिल्या सहा महिन्यांत प्राध्यापकांशी यावर बोलायला हवं. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तोवर अर्जात दाखवण्याजोगं काम हाती नव्हतं.

का नव्हतं, तेही सांगते. माझी पहिली प्रयोगशाळा नावाजलेली होती. रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांपासून ऑर्गनॉइड, म्हणजे बशीत वाढणारी अवयवाची छोटी प्रतिकृती, वाढवायचे, असं काम ठरलं होतं. आल्यावर कळलं की रुग्णांचे नमुने घेण्याची नैतिक समितीची मंजुरी संपली होती, आणि तिचं नूतनीकरण करण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. आठ महिने मी उंदरांच्या आतड्यांवर दिवस काढले. म्हणून मुलाखतीत विचारा: बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेतला टिश्यू आठवड्याला किती वेळा मिळतो? तो कोण आणतं? मंजुरीत माझं नाव घालणार का?

ऑर्गनॉइड मात्र जरूर शिका. २००९ साली उट्रेख्तमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून छोटं आतडंच वाढवून दाखवलं, आणि आमच्या क्षेत्राची दिशा बदलली. त्याला लागणारे वाढीचे घटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, विकत घेणं फार महाग पडतं. हे घटक स्वतःच बनवणाऱ्या एल-डब्ल्यूआरएन नावाच्या पेशी वाढवून, त्या ज्या द्रवात वाढतात तो वापरला की खर्च खूप उतरतो. हे हाताने करायला शिका. भारतात परत जाऊन स्वतःचं काम उभं करायचं असेल तर याच गोष्टी कामी येतात.

लहान प्रयोगशाळा ज्या विद्यापीठात आहे तिथे एनआयडीडीकेच्या पैशावर चालणारं पचनरोग संशोधन केंद्र असेल, तर माझा कौल तिकडे. अशा केंद्रांत सामाईक यंत्रणा असते, नवख्यांच्या नव्या कल्पनांसाठी छोटी अनुदानं असतात, रुग्ण तपासणारे डॉक्टर आणि प्रयोगशाळेत काम करणारे एका खोलीत बसतात. आमच्याकडे टी३२ची व्याख्यानं सगळ्यांना खुली आहेत; मी तिथे बसूनच खूप शिकले.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते: रिकाम्या हाताने आलोय असं समजू नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स डिसीज हा आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचा आजार यांत फरक करताना आपल्याकडच्या डॉक्टरांची किती कसोटी लागते, हे तुम्ही जवळून पाहिलंय. इथल्या अनेकांनी असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. तो प्रश्न पहिल्याच बैठकीत मांडा.

व्हिसा बहुधा जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा मिळेल, संशोधकाला कमाल पाच वर्षांचा. दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीबद्दल जुने सल्ले ऐकाल. ती अट ज्या देशांच्या कौशल्य-यादीवरून लागते, त्या यादीतून डिसेंबर २०२४मध्ये भारत वगळला गेला. सरकारी शिष्यवृत्तीवर आलात तर मात्र अट लागू राहते. नवऱ्याला जे-२वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना मागता येतो, पण इथे पोचल्यावर अर्ज करून वाट पाहावी लागते. तेवढे महिने एका पगारात निघतील असा हिशोब करून या.

परतीसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्स या भारतात संशोधन करणाऱ्यांना पैसा देणाऱ्या योजनांचे वयाचे, अनुभवाचे नियम आत्ताच वाचून ठेवा.

दोन्ही प्रयोगशाळा सोडून गेलेल्या निदान दोघा-दोघांशी फोनवर बोला, प्राध्यापकांनी सुचवलेल्यांखेरीज. प्राध्यापकांना पाठवायच्या प्रश्नांचा मसुदा झाला की मला दाखवा. माझ्या शनिवारच्या सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, मी मोकळी असते.