निकालाचा दिवस कसा काढायचा?

"मॅडम, निकालाच्या दिवशी टीव्ही लावू की नको, एवढंच सांगा."

२०२४ च्या एप्रिलमध्ये फोंड्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. साठीच्या आसपासचे, बँकेतून निवृत्त, घरामागे सुपारीचं कुळागर, रक्तदाबाची गोळी चालू. बोलताना त्यांचा अंगठा गुडघ्यावर वरून खाली, वरून खाली फिरत होता. मोबाईलवर नवा आकडा आला का, हे बघताना फिरतो अगदी तसा. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. (हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दर निवडणुकीला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. गोवा लहान. उमेदवार ओळखीचा असतो, नात्यातला असतो, निदान गावच्या जत्रेत भेटणारा तरी असतो. त्यामुळे निकाल इथे घरात घुसतो. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. मागच्या निकालाचा दिवस तासातासाने लिहून आणायला सांगते.

त्यांनी १० मार्च २०२२, विधानसभेच्या निकालाचा दिवस, लिहून आणला, बँकेतल्या नेटक्या अक्षरात. आठला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. मग सकाळभर आघाडी आणि पिछाडी. नाश्ता नाही. एकच्या सुमारास त्यांच्या मतदारसंघाचा निकाल लागला. टीव्ही बंद झाला रात्री अकराला.

"मग एक ते अकरा काय बघत होता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. कागदावर पुढची नोंद होती: ४.२०. धाकट्या भावाच्या मुलाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फटाक्यांचा फोटो टाकला. भाऊ दुसऱ्या पक्षाचा. यांनी खाली लिहिलं, "बाबा असते तर तुला उंबरा चढू दिला नसता." त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, भाऊ मूळ घरी आला, दरवर्षीप्रमाणे माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) सुपारीचा घड बांधला आणि पानावर न बसता निघून गेला. दोन वर्षं भावाभावांत कामापुरतं बोलणं.

त्यांची समजूत होती, की निकालाची वाट बघण्याचा ताण सोसत नाही. वाट बघणं तर एकला संपलं होतं. जे बिघडलं ते नंतरच्या रिकाम्या तासांत, आकडे थांबल्यावर, उपाशी पोटी, हातात फोन असताना. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच असतं. म्हणून मी निकालाआधीच्या तासांपेक्षा नंतरच्या तासांची आखणी आधी करायला लावते.

सकाळच्या आकड्यांबद्दलही त्यांच्याशी बोलले, कारण माहिती असली की छाती कमी धडधडते. मतमोजणी फेऱ्यांनी होते. एका फेरीत ठरावीक मतदान केंद्रांची यंत्रं उघडतात. पहिल्या फेरीतली आघाडी एवढंच सांगते, की कुठल्या वाड्यांची मतं आधी मोजली. आपल्याकडे ४० मतदारसंघ, प्रत्येकात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार, तेव्हा एका गावाने चित्र फिरतं. २०२२ ला साखळी मतदारसंघात खुद्द मुख्यमंत्री सकाळी काही काळ मागे होते आणि ६६६ मतांनी जिंकले. सांत आंद्रेत फरक ७६ मतांचा होता. शेवटची फेरी होईपर्यंतचा आकडा ही बातमी नव्हे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. आणि निकाल लागला म्हणजे सगळं कळलं असंही नाही. २०१७ ला ११ मार्चला काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, पण १४ मार्चला शपथ झाली ती भाजपच्या नेतृत्वाखालच्या आघाडीची. त्या तीन रात्री हे झोपले नव्हते. त्यांच्या न झोपण्याने कुठलीच बेरीज बदलणार नव्हती.

"पण न बघणं म्हणजे पळ काढणं नाही का?"

नाही. आपलं काम मतदान केंद्रावर झालं. यंत्रं मोहोरबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये गेली. बघणं हे कर्तव्य नाही, ती आवड आहे. सोसत असेल तर बघावं, नसेल तर संध्याकाळी एकदा निकाल वाचावा. त्याने माणूस कमी जागरूक ठरत नाही.

इथे माझी एक चूक झाली. मी सुचवलं, की टीव्ही बंद ठेवा आणि वहिनींनी एकला व पाचला तुम्हाला आकडा सांगावा. पुढच्या खेपेला त्या स्वतः आल्या. "मला बघायला आवडतं. यांच्यासाठी मी का बंद करू? आणि निरोप्याचं काम मला नको." त्यांचं खरं होतं. एकाच्या तब्येतीसाठी सगळ्या घराला गप्प करायचं, हा काही उपाय नव्हे. मग ठरलं, टीव्ही चालू राहील आणि हे घरात नसतील.

गोव्यात लोकसभेचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला. मधे चार आठवडे, आणि १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल. ते त्यांनी बघितले नाहीत. घरचा ग्रुप ३ तारखेलाच म्यूट केला. "तुझा जिंकला का रे?" असं कुणी विचारलं तर एकच वाक्य: "संध्याकाळी बघतो." त्या दिवशी ग्रुपवर काहीही लिहायचं नाही. बोलावंसं वाटलं तर फोन करायचा.

काम मात्र त्यांनी स्वतः निवडलं. पावसाच्या तोंडावर सुपारीवर फळं कुजवणारा कोळेरोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. सुपारीच्या झाडावर चढणारा माणूस त्यांनी मुद्दाम ४ जूनला बोलावला. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगळं विरघळवायचं, मग एकत्र ओतायचं. कोयत्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांब्याचा लालसर थर धरला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केले. नखांच्या कडांना अजून निळसर रंग होता. "या हातांनी फोन धरता येत नाही, मॅडम," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा अंगठा गुडघ्यावर स्वस्थ होता.

४ जूनला साडेअकराला झाडावरच्या माणसाचा फोन वाजला आणि त्याने वरूनच कोण पुढे ते ओरडून सांगितलं. टाळायचं ठरवलं तरी आकडा येऊन पोचतोच. त्यांचं ठरलेलं वाक्य तयार होतं.

उत्तर गोवा भाजपकडे गेला, दक्षिण गोवा काँग्रेसकडे, म्हणजे घरोघरी कुणीतरी नाराज होतंच. यांनी सहाला निकाल वाचला, जेवले आणि नऊला भावाला फोन लावला. भावाने पहिलंच विचारलं, "फवारणी झाली?" अर्धी राहिली होती. "उद्या माझा माणूस पाठवतो." निवडणुकीचं कुणीच काढलं नाही.

तो बाबांचा उल्लेख केल्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती ऑगस्टमध्ये, भावाच्या घरी जाऊन. फोनवर नको, असं त्यांनीच ठरवलं. ती आम्ही तीन बैठकांत घोटली होती, कारण "पण तूही" हे शब्द त्यांच्या तोंडी पुन्हापुन्हा येत होते.

रोज झोप उडत असेल, छातीत दुखत असेल, तर मात्र वेळापत्रक आखत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा. मीही यांना आधी तिथेच पाठवलं होतं.

सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. वहिनींनी आत्ताच सांगून ठेवलं आहे, की मतमोजणी त्या जाऊबाईंच्या घरी बसून बघणार. "मी येऊ?" असं यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "निकाल लागल्यावर या. जेवायलाच या."